खुणा जुळल्या, टायमिंग चुकलं: १९७८ च्या बुलेटचं एक प्रकरण

हे प्रकरण आमच्या धुळ्यातल्या गॅरेजमधलं आहे आणि त्यातली मुख्य चूक माझी आहे. इंजिन मी बांधलं, टायमिंगच्या खुणा (व्हॉल्व्ह पिस्टनच्या चालीशी जुळून उघडावेत-मिटावेत म्हणून दातेरी चाकांवर मारलेल्या) मी जुळवल्या, कव्हर मी बंद केलं. त्यानंतर अकरा दिवस मी नको तिथे दोष शोधत राहिलो. जुनी फोरस्ट्रोक गाडी बांधणाऱ्या कुणावरही ही वेळ येऊ शकते, म्हणून सगळं मोजमापासकट लिहितो आहे.

गाडी १९७८ ची बुलेट ३५०. बिडाच्या बॅरलचं जुनं इंजिन, बोअर ७० मिमी, स्ट्रोक ९० मिमी, ३४६ सीसी. उजव्या पायाला गिअर, डाव्या मुठीजवळ डीकॉम्प्रेसरची, म्हणजे किक मारताना सिलिंडरमधला दाब सोडणाऱ्या झडपेची, दांडी. मालक सोनगीरचे, तांबटाच्या घरातले. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. गाडी त्यांनी कॉलेज सोडल्यावर घेतली आणि आजवर विकली नाही. सोनगीरला तांब्यापितळेची भांडी घडवणाऱ्या घरांत जन्म गेला की माणसाचा कान ठोक्याला पक्का होतो. भांडं कुठे पातळ झालंय ते त्यांना हातोडीच्या आवाजावरून कळतं. हे इथे सांगायचं कारण पुढे येईल.

गाडी आली तेव्हा खालून ठकठक होती, सायलेन्सरमधून निळा धूर होता आणि उजवीकडच्या टायमिंग कव्हरातून गिअर रडल्यासारखा आवाज येत होता. इंजिन पूर्ण उघडलं. क्रँकपिन आणि बिगएन्डचा फ्लोटिंग बुश बदलला, बॅरल बोअर करून नवा पिस्टन घातला, व्हॉल्व्हचे गाइड बदलून सीट घासल्या. टायमिंगच्या पिनियनचे, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे कॅम क्रँकवरून फिरवणाऱ्या छोट्या दातेरी चाकाचे, दात झिजून टोकदार झाले होते, म्हणून तोही नवा घेतला. पिनियन बाहेरगावच्या दुकानातून मागवला. त्यावर कंपनीचा शिक्का नव्हता, पण दात छान होते आणि खुणेचा ठिपकाही ठसठशीत होता.

आखाजीला बारा दिवस उरले होते. आमच्या खान्देशात आखाजी म्हणजे लेकीबाळींचा सण. माहेरी झोके बांधतात, खापरावरचे मांडे होतात. आप्पांची लेक झोडग्याला दिलेली. दरवर्षी तिला आणायला ते याच गाडीवर जायचे: सोनगीरहून धुळे, मग लळिंगचा घाट चढून झोडगे. तेवढ्यासाठी गाडी वेळेत हवी होती आणि मी शब्द दिला होता.

गाडी सुरू झाली, पण...

पहिल्या दिवशी दहा-बारा किकांनी इंजिन लागलं. ठकठक गेली, धूर गेला, गिअरचं रडणं गेलं. ऑइल रॉकरपर्यंत पोचतंय हेही पाइपाचा बँजो सैल करून पाहिलं. मला वाटलं, काम झालं. आप्पा बाजूच्या बाकावर बसून ऐकत होते. ते एवढंच म्हणाले, "भाऊ, ठोका चुकस."

मी म्हटलं, "आप्पा, इंजिन नवं आहे, अजून बसायचं आहे."

त्याच संध्याकाळी लळिंगच्या घाटात गेलो. एरवी ही गाडी तो चढ तिसऱ्या गिअरमध्ये आरामात चढायची. आता तिसऱ्यात धाप लागली, दुसरा टाकावा लागला आणि थ्रॉटल एकदम उघडला की कार्बोरेटर शिंकायचा. सरळ रस्त्यावर मात्र ५५-६० च्या पुढे गाडी बरी वाटायची. कमी वेगात जीव नाही आणि वेग आला की ठीक, ही खूण खरं तर सगळं सांगत होती. पण मी ती ऐकली नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते थोडक्यात सांगतो. कार्बोरेटर तीनदा उघडला, जेट बदलले, सुई एक खाच वर घेतली. पॉइंट (उघडले की ठिणगी पडते ते) नवे टाकले, कंडेन्सर बदलला. इग्निशनचं टायमिंग पिस्टनची उंची मोजून दोनदा लावलं, दोन्ही वेळा बरोबर निघालं. टॅपेट तपासले: इंजिन थंड, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला (मिश्रण दाबून अगदी वर आलेला), पुशरॉड (कॅमचा धक्का व्हॉल्व्हकडे नेणारी सळई) बोटांनी सहज फिरतो आणि वर-खाली हलत नाही. या इंजिनाला हवं तसंच. डीकॉम्प्रेसरची केबल ताणलेली नव्हती. यातल्या एकाही कामाने घाटातली धाप कमी झाली नाही.

आखाजी आली. आप्पा एसटीने झोडग्याला गेले आणि लेकीला एसटीनेच घेऊन आले. त्यांनी मला एक शब्द ऐकवला नाही, त्याचा मला जास्त त्रास झाला.

भांडं गळत नाही, पण भरतही नाही

सणानंतर मी कार्बोरेटर बाजूला ठेवला आणि कॉम्प्रेशन मोजलं. थ्रॉटल पूर्ण उघडा, चार दमदार किक: ८० पीएसआय. त्याच गेजने शेजारी उभी असलेली, चांगली चालणारी त्याच इंजिनाची दुसरी बुलेट मोजली: ९८. नवा बोअर, नव्या रिंगा, घासलेल्या सीट आणि तरीही दाब कमी.

साहजिक शंका गळतीची. म्हणून प्लगच्या भोकातून पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा भरली. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला, गाडी चौथ्या गिअरमध्ये, ब्रेक घट्ट धरलेला. (हे करताना ब्रेक सुटला तर मागचं चाक फिरतं. दुसरा माणूस हवाच.) कान लावून ऐकलं. कार्बोरेटरच्या तोंडाशी शांत, सायलेन्सरशी शांत, डीकॉम्प्रेसरशी शांत. ब्रीदरमधून थोडीशी फुसफुस, तेवढी रिंगांमधून असतेच. म्हणजे भांडं गळत नव्हतं. तरी किक मारताना ते भरत नव्हतं.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा सांधा इथे आहे. बंद करून धरलं तर दाब टिकतो, फिरवताना मात्र कमी भरतो, याचा अर्थ झडपा नीट बंद होतात पण उशिरा बंद होतात. टॉपला उभ्या असलेल्या पिस्टनवर हवा भरली तर कॅम एखाद्या दाताने मागे असला तरी तो दोष दिसतच नाही, कारण त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह कसेही असले तरी मिटलेलेच असतात.

उशिराचा हिशोब असा. इनलेट (मिश्रण आत घेणारा) व्हॉल्व्ह पिस्टन बॉटमला पोचल्यावर लगेच मिटत नाही. पिस्टन वर यायला लागल्यावरही तो काही अंश उघडा राहतो, कारण वेगात आत येणाऱ्या मिश्रणाला स्वतःचा जोर असतो आणि ते पिस्टन उलटल्यावरही आत घुसत राहतं. हा उशीर कंपनीने ठरवलेला असतो. त्याहून जास्त उशीर झाला तर कमी वेगात, म्हणजे किक मारताना आणि घाटात, भरलेलं मिश्रण पिस्टन पुन्हा कार्बोरेटरकडे ढकलतो. मग शिंक येते. वेग वाढला की तोच उशीर थोडा खपून जातो, म्हणून ६० च्या पुढे गाडी बरी वाटते. आप्पांच्या गाडीची सगळी लक्षणं यात बसत होती.

येझदी, राजदूत किंवा आरएक्स हंड्रेड अशा जुन्या टूस्ट्रोक गाड्यांवर वाढलेल्या मेकॅनिकला हा दोष पटकन सुचत नाही, याचं एक कारण आहे. टूस्ट्रोकमध्ये पोर्ट उघडणं-मिटणं मुख्यतः पिस्टनच करतो. ते टायमिंग बॅरलच्या धातूतच कोरलेलं असतं, जुळवणाऱ्याच्या हातात काही नसतं. फोरस्ट्रोकमध्ये कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो आणि दोघांचं नातं दातांनी ठरतं. दात मोजून बसवणारा माणूस चुकला किंवा खूण मारणारा चुकला, तर इंजिनाला ते सांगता येत नाही.

पितळेची तबकडी

आता मोजायचं ठरवलं. डिग्रीची तबकडी (क्रँक किती अंश फिरला ते दाखवणारी, कडेला अंशांच्या रेघा असलेली चकती) माझ्याकडे नव्हती. कागदावर छापून चिकटवली तर ऑइल लागून वर येते. आप्पांना सांगितलं तर दुसऱ्या दिवशी ते पितळेचा पत्रा घेऊनच आले. व्यास त्यांनी स्वतः ठरवला: २३० मिमी. म्हणाले, परीघ साधारण ७२२ मिमी येतो, ३६० ने भागलं की एक अंश जवळपास २ मिमी पडतो, खुणा मारायला आणि वाचायलाही सोपा. इतक्या वर्षांत हा आकडा मला कुणी सांगितला नव्हता. दर अंशाला बारीक रेघ, दर पाचाला लांब, दर दहाला आकडा. सगळं टोचणीने हाताने कोरलेलं.

तबकडी डावीकडे, प्राइमरी केस उघडून रोटरच्या जागी क्रँकच्या टोकावर बसवली आणि जाड तारेचा काटा क्रँककेसच्या बोल्टला बांधला. पहिलं काम म्हणजे खरा टॉप शोधणं. इथे बहुतेक जण डायल गेजचा काटा थांबला की त्याला टॉप मानतात. पण ९० मिमीच्या स्ट्रोकमध्ये टॉपच्या अलीकडे-पलीकडे दोन अंशात पिस्टन जेमतेम ०.०३-०.०४ मिमी हलतो. तिथे डोळा आणि गेज दोन्ही फसतात. म्हणून पिस्टन अडवायची युक्ती वापरली. जुन्या प्लगची चिनीमाती फोडून काढली, आत बोल्ट वेल्ड केला, आणि पिस्टनला ओरखडा पडू नये म्हणून बोल्टच्या टोकाला आप्पांनी पितळेची टोपी ठोकून दिली. तो प्लग लावून क्रँक हलक्या हाताने एका दिशेने फिरवला. पिस्टन टेकला तिथला आकडा लिहिला. उलट फिरवला, पुन्हा टेकला, दुसरा आकडा लिहिला. दोन्ही आकड्यांचा बरोबर मध्य म्हणजे टॉप. तबकडी सैल करून शून्य तिथे आणलं आणि नट आवळला. या वेळी पिस्टन स्टॉपवर जोर दिला तर पिस्टनचा माथा चेपतो, म्हणून बोटांचाच जोर.

यापुढे फिरवायचं ते फक्त चालत्या दिशेने. डावीकडून पाहिलं तर घड्याळाच्या उलट. मागे घेतलं की दातांमधली ढील आकड्यात शिरते. चुकून पुढे गेलो तर पुन्हा पूर्ण दोन फेरे मारून यायचं. कंटाळवाणं आहे, पण त्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

व्हॉल्व्ह नेमका कधी मिटला हे ठरवणंही अवघड, कारण कॅमचा उतार शेवटी फार हळू असतो. म्हणून आम्ही ठरवलं की व्हॉल्व्ह मिटायला ०.५ मिमी उरला तो अंश लिहायचा. दोन्ही गाड्यांवर हाच नियम. टॅपेट आधी नीट लावून घेतले, डायल गेज व्हॉल्व्हच्या स्प्रिंगच्या टोपीवर टेकवला.

शेजारच्या चांगल्या बुलेटचा इनलेट बॉटमच्या पुढे ५७ अंशांवर मिटला. आप्पांच्या गाडीचा ७४ वर.

सतरा अंशांचा उशीर. तो मिलिमीटरमध्ये मांडला तेव्हा मला खरं कळलं: ९० मिमीच्या स्ट्रोकपैकी मिश्रण दाबायला चांगल्या गाडीत साधारण ७४ मिमी उरतात, आप्पांच्या गाडीत ६३. अकरा मिलिमीटरचा दाब कार्बोरेटरमधून परत जात होता. ८० आणि ९८ चा फरक यातच सापडला.

दुसरी तपासणी याहून सोपी आहे आणि तबकडी नसली तरी करता येते. पिस्टन ओव्हरलॅपच्या टॉपला आणायचा, म्हणजे एक्झॉस्ट मिटत आला आहे आणि इनलेट उघडू लागला आहे तो टॉप. या इंजिनात तिथे दोन्ही व्हॉल्व्ह जवळपास सारखेच उघडे असायला हवेत. चांगल्या गाडीत इनलेट १.२ मिमी उघडा, एक्झॉस्ट १.५. आप्पांच्या गाडीत इनलेट ०.२५ आणि एक्झॉस्ट पूर्ण ३ मिमी. एक्झॉस्ट मिटायला उशीर, इनलेट उघडायला उशीर, म्हणजे दोन्ही कॅम सारखेच मागे. एकच मागे असता तर दोष त्या एका चाकात शोधला असता. दोन्ही मागे म्हटल्यावर संशय क्रँकच्या पिनियनवर गेला.

आप्पांचा डबा

टायमिंग कव्हर पुन्हा उघडलं. खुणा जुळलेल्याच होत्या. ठिपक्याला ठिपका, काही वाकडं नाही. क्षणभर वाटलं की मोजणीच चुकली.

मदतीला आला तो आप्पांचा डबा. गाडीचं काम कुठेही असो, काढलेला प्रत्येक भाग ते परत मागतात आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतात. जुना पिनियन मी भंगारात टाकला असता. त्यांच्या डब्यात तो ग्रीस लावून, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला होता.

दोन्ही पिनियन एकावर एक ठेवले. चावीची खाच खाचेवर, दात दातांवर. जुन्याचा ठिपका एका दातावर, नव्याचा शेजारच्या दातावर. बस, एवढंच. नवा पिनियन धातूला, मापाला, दातांना ठीक होता. खूण मारणाऱ्याने ठिपका एक दात सरकवून मारला होता. पिनियनचे दात मोजले, ३६० ला त्या संख्येने भागलं. आमचा सतरा अंशांचा फरक एका दातात बसला. (कुणाच्या पिनियनला २० दात असतील तर एक दात १८ अंशांचा, २४ असतील तर १५ चा. आपल्या हातातलाच मोजावा.)

ज्या तपासणीला अर्धा मिनिट लागतो ती मी बांधतानाच करायला हवी होती. जुना पिनियन तेव्हा माझ्या टेबलावरच होता.

आता प्रश्न असा की इतका फरक असताना गाडी चालली कशी आणि इग्निशन तपासून तपासून बरोबर कसं निघालं. या इंजिनात पॉइंटही त्याच दातांच्या रांगेतून फिरतात. कॅम मागे गेला तसे पॉइंटही मागे गेले. पण इग्निशन मी खुणेवर लावलं नव्हतं, पिस्टनची उंची मोजून लावलं होतं. म्हणजे पॉइंटचा मागेपणा मी नकळत भरून काढला आणि व्हॉल्व्हचा तसाच राहिला. ठिणगी वेळेवर पडत होती, म्हणून गाडी लागत होती आणि म्हणूनच दोष लपून बसला. इग्निशनही खुणेवर सोडलं असतं तर गाडी मुळीच धड चालली नसती आणि मी पहिल्या दिवशीच टायमिंग कव्हर उघडलं असतं.

दुरुस्ती मग सरळ होती. ऑइल पंप फिरवणारा वर्म (स्क्रूसारखा गिअर) क्रँकच्या टोकावर असतो आणि त्याचे आटे उलटे असतात. सवयीने नेहमीच्या दिशेला जोर लावला तर तो आणखी आवळतो आणि शेवटी आटेच जातात. पुशरॉड सैल करून टॅपेटचा भार कॅमवरून उतरवला, कॅम बाहेर घेतले आणि जुन्या पिनियनच्या ठिपक्याप्रमाणे एक दात सरकवून बसवले. नव्या पिनियनवरचा चुकीचा ठिपका दगडाने घासून काढला आणि योग्य दातावर सेंटर पंचने नवा मारला, म्हणजे पुढे कुणी इंजिन उघडलं तर त्याच्यावर ही वेळ येणार नाही. कव्हर लावण्याआधी क्रँककडे ऑइल नेणारं कॉर्कचं सील नवं घातलं. तो कॉर्क दबलेला किंवा फाटलेला राहिला तर बिगएन्डला ऑइल पोचत नाही आणि नवा बुश थोड्याच दिवसांत जातो.

कव्हर बंद करण्याआधी पुन्हा मोजलं, या वेळी खुणांकडे न बघता. इनलेट ५७ वर मिटला. ओव्हरलॅपच्या टॉपला इनलेट १.१५, एक्झॉस्ट १.५.

इग्निशन आता अर्थातच पुन्हा लावावं लागलं, कारण कॅम हलला तसे पॉइंटही हलले होते. तेही पिस्टनच्या उंचीवर आणि अँमीटरच्या काट्यावर: पॉइंट उघडले की काटा शून्यावर उडी मारतो. ही पायरी विसरलो असतो तर ठिणगी सतरा अंश आधी पडली असती आणि किकने पाय मोडला असता.

कॉम्प्रेशन आलं ९८. अगदी शेजारच्या गाडीइतकं. किकवर पाय ठेवल्याबरोबर फरक कळत होता. आधी किक मऊ जायची, आता डीकॉम्प्रेसर दाबल्याशिवाय टॉपच्या पलीकडे जात नव्हती. दुसऱ्या किकला गाडी लागली.

लळिंगला आप्पा स्वतः घेऊन गेले, मी मागे बसलो. दुपारचे चार, वैशाखाचं ऊन आणि दोन माणसांचं वजन. घाटाच्या पायथ्याला त्यांनी तिसरा टाकला आणि माथा येईपर्यंत गिअरच्या दांडीला पाय लावला नाही. वर किल्ल्याच्या बाजूला त्यांनी गाडी थांबवली, पण बंद केली नाही. थ्रॉटल पूर्ण सोडून ते आयडलिंग ऐकत राहिले.

"आते ठोका बराबर बसना," ते म्हणाले.

लेक तोवर माहेरपण संपवून झोडग्याला परत गेली होती. आप्पांनी माथ्यावरून गाडी धुळ्याकडे वळवली नाही. "चाल, चहा तिकडेच घेऊ," म्हणाले आणि आम्ही तसेच पुढे झोडग्याला गेलो.

पितळेची तबकडी आता आमच्या गॅरेजच्या भिंतीवर असते. त्यानंतर आलेल्या प्रत्येक फोरस्ट्रोक इंजिनावर ती चढते, आणि काढलेला पिनियन नव्याशेजारी ठेवून ठिपके पाहिल्याशिवाय मी नवा बसवत नाही.